सहाशे साठ फूट

फितीचं एक टोक इंगा ट्वेटनं धरलं, एक मी.
शंभर-शंभर फूट करत सात वेळा उचलली,
डाकोटाच्या वाऱ्यात.
नियम सहाशे साठचा.
फलक भरला सहाशे एकेचाळीस.

वर दंतवैद्याचं हसू, उन्हानं विटलेलं.
तो जाऊन तीन वर्षं झाली,
भाडं मुलगा अजून पाठवतो.

"पाडा," ती म्हणाली. "एवढंच सांगा,
चारच्या सुमारास याची सावली पडते,
तिथं वासरं बसतात.
ती कुठल्या कलमात?"

मी अर्ज उलटून पाहिला.
'शेरा'पुढं बोटभर जागा.
लिहिलं : वासरं, अंदाजे नऊ.

फीत सळसळत डबीत शिरली.
एकोणीस फूट
गवतातच राहिले.