डोंगक्राक

तेगालच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
बापाचं गॅरेज. पाटीवर लिहिलंय 'बेंगकेल'.
तो शब्दही डचांचाच. त्यांच्याकडे नुसतं दुकान,
आमच्याकडे येता येता त्याला ग्रीस लागलं.
पण ते राहू दे. मला दुसऱ्याच शब्दाचं सांगायचंय.

"वेनिंग, डोंगक्राक सरकव."
ट्रकखालून फक्त बापाचे पाय बोलतात.
मी तो जॅक टाचेनं ढकलते.
लाल रंग उडालेला, मासळीच्या ट्रकांखाली
अख्खा जन्म गेलेला.

काल रात्री कोशात त्याचं मूळ सापडलं:
डोमेक्राख्त.
डोम म्हणजे मठ्ठ. क्राख्त म्हणजे बळ.
मठ्ठ बळ. ज्याला डोकं नाही,
उचलणं तेवढं ठाऊक.

पणजोबा कार्सा साखर कारखान्यात होते.
उसाची वाघीण रुळावरून घसरली
की गोरा मुकादम सावलीतून ओरडायचा,
आणि त्या ओरडण्यात 'डोम' दोनदा यायचं,
एकदा लोखंडासाठी, एकदा माणसांसाठी.
आम्हाला आडनावं नसतात.
पणजोबांना वाटलं, साहेबानं दिलं असेल.

शेवटचा तो 'ख्त',
घशात काटा अडकल्यासारखा,
कुणालाच जमला नाही.
कुणी बसून ठरवलं नाही काही.
रुळांवर, घामात, उचल-उचल करताना
'डोम'चे मिटलेले ओठ उघडले
आणि शब्द नाकात घुमला:
डोंग, खाली टेकताना.
क्राक, ओझं हलताना.
मठ्ठ त्यात कुणी उरलंच नाही.

सकाळी हे सगळं बापाला सांगितलं.
त्यानं फडक्याला हात पुसले, आधीपेक्षा काळे झाले.
"मठ्ठ तो," म्हणाला,
"जो चाकाला दगड लावायला विसरतो."
मग थोड्या वेळानं,
"आणि दुसरा अर्धा?"
"बळ."
"ते ठीकाय."

आजच्या पेपरात मोठ्या अक्षरात छापलंय,
साखरेचा भाव 'डोंगक्राक' होणार,
म्हणजे वर चढणार.
कारखाना केव्हाच बंद पडला,
चिमणीवर पिंपळासारखं काहीतरी उगवलंय,
आणि शब्द अजून कामावर.

बापानं तोच पेपर जमिनीवर अंथरला,
भावावर पाठ टेकली
आणि आत सरकला.

मी चाकाला दगड लावला.
मग दुसऱ्या चाकालाही.