उणे सव्वातीन

टिळक रोडच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जुईच्या हातात त्यांनी प्लास्टिकचा एक ई दिला.
भिंतीवरच्या ईचे दात ज्या दिशेला
त्या दिशेला हातातला वळवायचा.
पहिल्या ओळीला वळवला.
दुसऱ्या ओळीला माझ्याकडे बघितलं.
तिसऱ्या ओळीला म्हणाली,
तिथे काहीच लिहिलेलं नाहीये.

मग थेंब. मग रडणं. मग तासभर
बाकावर, माझ्या ओढणीत डोळे खुपसून.
मी मनातल्या मनात मोजत होते
कितीदा ओढली तिला टीव्हीपासून,
कितीदा म्हणाले, फळ्यावरचं साधं उतरवून घेता येत नाही,
लक्ष कुठे असतं तुझं?
आणि ती खरंच विचारात पडायची,
कुठे असतं.

उजवा उणे सव्वातीन, डावा उणे पावणेतीन.
घरात कुणाला चष्मा?

नाही, श्रीरंग म्हणाला, लगेच,
गॅसचं बिल भरलंय म्हणावं तशा खात्रीनं.
भिंतीवर डोळ्याचं चित्र होतं, कांद्यासारखं मधोमध कापलेलं.
त्याच्याकडे बघत मी म्हणाले, मला होता.
साडेपाच. उणे.

तेव्हा स्थळाच्या कागदावर एक रकाना असायचा,
उंचीच्या खाली, वर्णाच्या वर.
बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं,
लेझर झालं, फोटो झाला,
चष्मा : नाही,
आणि ते खोटंही नव्हतं.
छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले.
मुलीत काही उणं नाही,
सगळे म्हणाले.

त्यानंतर विषयच निघाला नाही.
म्हणजे, निघायचा.
मी उठून भाजी ढवळायचे.

जिना उतरताना तो गप्प.
स्कूटरला किल्ली लावल्यावर म्हणाला,
साडेपाच म्हणजे काय दिसायचं तुला?
एवढ्यावरून तू दिसला असतास, मी म्हणाले,
तोंड दिसलं नसतं.
मग बरंय, तो म्हणाला,
मी चिडलोय का, ते कळलं नसतं.
हसला नाही. पण हेल्मेट आधी माझ्याकडे दिलं.

फ्रेम जुईनं निवडली, जांभळी,
कानामागे अडकवायला रबरी पट्टी.
दुकानदार म्हणाला, दर सहा महिन्यांनी दाखवा, नंबर वाढतो या वयात,
रोज दोन तास उन्हात खेळू द्या.
मी मान डोलावली, जशी माझी आई
गाजरांना डोलवायची.

घरी आल्यावर ती माझ्या मांडीवर चढली
आणि बोटानं माझं नाक चाचपलं.
तुझ्यासारखे मला पण होणार ना इथे?
काय?
हे दोन खड्डे.
आरशातसुद्धा मी ते बघायचं सोडून दिलं होतं.
तिला ते पहिल्यापासून दिसत होते.
जवळचं तिला सगळंच दिसतं.

रात्री आनंदनगरच्या गॅलरीतून
सिंहगडावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा.
ती त्याला डाळिंब म्हणायची.
केवढी कल्पनाशक्ती, आम्ही म्हणायचो,
मी तारखेसकट वहीत लिहून ठेवलं होतं.
मला कळायला हवं होतं.
माझ्या लहानपणी मिरजेच्या स्टेशनात
सिग्नलला असेच दाणे फुटायचे.

तिनं चष्म्यातून बघितलं.
एवढुसाच?
ओठ वाकडा. आता रडते, मला वाटलं.
मग चष्मा कपाळावर सरकवला,
डाळिंब.
नाकावर आणला, ठिपका.
डाळिंब. ठिपका. डाळिंब.

बाबा, तू कर.
श्रीरंगनं तिचा चष्मा डोळ्यांपुढे धरला, काढला,
परत धरला.
मला काही होत नाही गं, म्हणाला,
नुसतं डोकं दुखतंय.

जुईनं त्याच्याकडे बघितलं,
ज्याच्याकडे एकच दिवा आहे
अशा माणसाकडे बघावं तसं.