मोजणी

मण्यार चावते तेव्हा फारसं दुखत नाही.
सुभान तडवीला वाटलं, डास.
केळीच्या बागेत, गुंडाळलेल्या ठिबकच्या नळ्यांचं उसं करून
तो पुन्हा झोपला.
पहाटे पोटात कळ, मग पापण्या पडल्या,
गंजलेलं शटर पडावं तशा, अर्ध्यावर अडकत.
सावद्याला आणला तेव्हा
जीभ तोंडात होती, शब्द नव्हता.

प्रतिविष दिलं, दहा बाटल्या.
रक्तात हिंडणारं विष त्यांनी वेचून काढलं.
नसेच्या टोकात आधीच शिरलेलं
कोण हुसकणार?
श्वास थांबत आला. नळी घातली. यंत्र लावलं.

"याचं नेमकं काय तुटलं, डॉक्टर?"
हुरमतनं विचारलं.
केसपेपरच्या पाठीवर मी एक नस काढली,
टोकाला फुगवटा,
फुगवट्यात टाचणीच्या टोकाहून कितीतरी बारीक पिशव्या,
पिशव्यांत निरोप.
"या भरायला खर्च येतो. आपण खाल्लेली भाकरी
तिथं जळते तेव्हा त्या भरतात.
एवढ्याशा टोकातसुद्धा चुली आहेत,
आपण निजलो तरी विझत नाहीत."
"अन् उघडायला?"

तिच्या कमरेला डबी होती.
एका कप्प्यात तंबाखू, एकात चुना.
मी चुन्याकडे बोट केलं.
"यात जे असतं, तेच.
नसेच्या बाहेर त्याची दाटी, आत जवळपास नाहीच.
मेंदूकडून वीज आली की दारं उघडतात,
ते आत घुसतं, पिशवी भिंतीला भिडते, फुटते,
निरोप पलीकडे सांडतो, बोट हलतं.
आणि लगेच, आत आलेला कण न् कण
बाहेर उपसायचा. रिकाम्या पिशव्या परत भरायच्या.
खरा खर्च आवराआवरीचा."

"लग्नघरासारखं," ती म्हणाली.
पाच वर्षं शिकले, मला हे सुचलं नव्हतं.

"मग याच्या पिशव्या?"
"संपल्या. मेंदू हाका मारतोय, वीज येतेय,
पण टोकाशी द्यायला काही नाही."
"आयकतो ना तो?"
"सगळं ऐकतो," मी म्हटलं,
सवयीनं, आपण म्हणतो तसं.

तिसऱ्या रात्री लाइट गेली.
भिंती अजून दुपारच्या तापलेल्या.
तिकडे दीपनगरच्या चिमण्या धूर सोडत असतील,
इकडे इन्व्हर्टरनं दोनदा टीं केलं आणि मान टाकली.
मी फुगा तिच्या हातात दिला.
दाब. सोड. थांब. दाब.

सकाळची कळण्याची भाकरी आणि ठेचा
तिच्या मनगटात आता फुटत होते,
एकेका दाबाला किती लाख पिशव्या,
किती वेळा चुना आत, चुना बाहेर.
तिच्या नसा त्याच्या छातीला उसन्या.
मला टॉर्च धरण्यावाचून काम नव्हतं.
ती मोठ्यानं मोजत होती,
शंभर झाले की पुन्हा एक,
मध्येच घाम पुसायला खांदा गालाला लावत,
आकडा न सोडता.

पावणेतीनला पंखा फिरला.
तिनं बोटं उघडायचा प्रयत्न केला, उघडेनात.

बाकीचं काम कुणी केलं नाही.
केळीच्या बुडातून पील यावं
तशी नसेला नवी टोकं येत गेली,
आपल्या गतीनं, कुणाला न विचारता.
आठव्या दिवशी उजवी भुवई.
मग पापणी, एक दोरा उंच.
बाराव्या दिवशी नळी काढली.

तो बराच वेळ खोकला. पाणी मागितलं नाही.
हुरमतकडे पाहिलं, आणि
वाळूतून ओढून काढावा तसा आवाज काढून म्हणाला,
"त्या रात्री... एकोणसत्तरनंतर
तू एकदम एकाहत्तर म्हणलीस."

डबी उघडून ती चुना काढत होती, नखाच्या टोकावर, थोडासाच.
हात थांबला नाही.
"मग तेव्हाच सांगायचं."