वजनाचा रकाना

सोळा वर्षं मी विमानं झाडते.
रात्री अकरा ते सकाळी सात,
नदीच्या पलीकडे, सेंट लुईसला.
सीटांच्या फटींतून काढलेत
खारे शेंगदाणे, एक लग्नाची अंगठी, कुणाची तरी कवळी.
अंगठी परत गेली.
कवळी न्यायला कुणी आलं नाही.
कुठल्या रांगेची खिडकी जरा मागे सरकलेली असते
ते मला झोपेतही सांगता येईल.
पण विमान हलायच्या आत
मी नेहमी उतरलेली असते.

त्यात झकिया शाळेतून एक कागद घेऊन आली.
शनिवारी, मक्याच्या शेतांलगतच्या छोट्या धावपट्टीवर,
पर्नेल नावाचा कुणी म्हातारा
आपल्या वस्तीतल्या पोरांना विमानात बसवतो. फुकट.
"बसवतो नाही, ममा. चालवायला देतो."
मी कागद उलटा करून पाहिला.
फुकटच्या गोष्टीची किंमत
आमच्याकडे मागच्या बाजूला असते, बारीक अक्षरांत.
मागे काहीच नव्हतं.

पर्नेल कमी बोलतो.
सैन्यात तीस वर्षं इंजिनं जुळवली,
स्वतःचा परवाना काढला तेव्हा वय बावन्न.
त्याने पोरांना उडवण्याआधी वाकायला लावलं,
पंखाखाली, चाकापाशी,
टाकीच्या बुडातून बोटभर नळीत इंधन काढायला.
"पाणी असेल तर तळाशी बसतं. नीट बघा."
या विमानांचं पेट्रोल निळं असतं,
मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
झकियाने नळी आभाळासमोर धरली
आणि निळ्यावर निळं असं बेमालूम बसलं
की माझ्या अंगावर काटा आला.
पर्नेल म्हणाला, "म्हणूनच तशी धरायची नाही.
पांढऱ्या पंखासमोर धर."

मार्कीस नावाचा पोरगा वर जाऊन ओकला.
खाली आला तो पिशवी हातात घेऊन,
राजासारखा चालत.
मग हिची पाळी.
मी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी.
चाकं सुटली तेव्हा माझ्या पोटात जे हललं
ते पंधरा वर्षांपूर्वी
हिनेच पहिल्यांदा हलवलं होतं.

वीस मिनिटं.
उतरली ती गप्प. बोलली ती गाडीत.
"आपलं घर सापडलं मला. छपरावरच्या निळ्या ताडपत्रीवरून."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं,
दोन वर्षं झाली त्या ताडपत्रीला.
"बरं झालं लावलीस. बाकी सगळी छपरं सारखीच दिसतात."
थोड्या वेळाने म्हणाली,
"हायवे वरून वेगळाच वाटतो, ममा.
रस्ते सरळ येतात, त्याच्यापाशी तुटतात,
पलीकडे पुन्हा सुरू होतात. तेच रस्ते, त्याच नावांचे.
मधे काय होतं?"

सिग्नल लागला. सुटला. मागच्याने हॉर्न दिला.
मधे माझ्या वडिलांची शाळा होती.
एक न्हाव्याचं दुकान, बाहेर बाक.
एक नाशपातीचं झाड,
ज्यावरून पडून त्यांचा हात जन्मभर वाकडा राहिला.
मी कधी सांगितलं नव्हतं हिला.
हिच्या वाटेत आधीच काय कमी आहे, असं वाटायचं.
आणि दोन हजार फुटांवरून
हिला एका नजरेत फट दिसली.
मी गाडी बाजूला घेतली
आणि झाडापासून सुरुवात केली.

पुढच्या शनिवारी पर्नेलने माझ्या हातात फॉर्म ठेवला.
मागची सीट रिकामी आहे, एवढंच म्हणाला.
नाव. पत्ता. वजन.
वजन मी लिहिलं
जसं चारचौघांत लिहितात तसं.
झकियाने खांद्यावरून डोकावून पाहिलं,
कानामागची पेन्सिल काढली.
"विमानाशी खोटं बोलायचं नाही, ममा.
हिशोब मला करायचाय."

मी आकडा खोडला.
खरा लिहिला,
बुटांसकट.