चाळीस मिलिमीटर

आरौसाच्या खाडीला ओहोटी लागली की
आम्ही एकोणतीस जणी गुडघाभर पाण्यात उतरतो.
बूट, दाताळं, बादली,
आणि गळ्यात दोरीला बांधलेली पोलादी पट्टी.
तिला एक खाच, चाळीस मिलिमीटरची.
जी तिसरी खाचेतून निसटते ती परत पाण्यात.
जी अडते ती आपली.

बाकी कायदे मला कळत नाहीत. हा कळतो.

तिसरीला डोकं नसतं.
हेर्मितास म्हणते, म्हणून तर झोप लागते तिला.
पण काळीज असतं, इवलंसं,
आणि थंडीत ते इतकं सावकाश ठोकतं
की दोन ठोक्यांच्या मधे
बादली रिकामी करून यावं.

जन्म तिचा उघड्यावरचा.
पाणी कोमट झालं की
नर आपला चीक सोडतो, मादी आपली अंडी.
दोघांची गाठभेट होत नाही,
पुढचं काम लाट बघते.
मग दोन-तीन आठवडे ते पोर
केसाळ झालर हलवत पोहतं,
धुळीएवढं,
ज्याच्या त्याच्या तोंडचा घास.
लाखातलं एखादं जड होतं,
खाली बसतं,
एक धागा काढून वाळूचा कण धरून ठेवतं.
एवढा समुद्र, आणि एक कण.
मग पाय फुटतो. दिसायला जीभच,
पण खणते,
आणि वर ठेवते दोन नळ्या:
एकीने समुद्र आत, दुसरीने बाहेर.
दिवसभर एवढंच.

घर ती कडेकडेने वाढवते.
बिजागरीपाशी जे टोक आहे ते तिचं बाळपण.
ते टाकत नाही,
पाठीवर घेऊनच मोठी होते.
उन्हाळ्यात रुंद पट्टा, हिवाळ्यात बारीक काळी रेघ.
ज्या साली नदीला पूर आला, वर धरणाची दारं उघडली
आणि खाडी गोडी झाली,
त्या साली निम्म्या जणी वाळूवर उघड्या पडल्या होत्या.
जिवंत तिसरी मिटलेली असते, मेलेली उघडी.
ज्या वाचल्या त्यांच्या अंगावर रेघ नाही, चर आहे.
मी बोटाने ओळखते.

नऊ वर्षांची असताना मी आईला म्हटलं, मलाही ने.
आईने, ओबदुलियाने, परवाना क्रमांक बत्तीस,
माझा हात धरून मनगट खाचेत घातलं.
गेलं.
‘माप भरत नाही,’ ती म्हणाली. ‘परत शाळेत.’
पुढच्या वर्षीही गेलं.
त्याच्या पुढच्या वर्षी मी मनगटाला लोकर गुंडाळून आले.
पोट धरून हसली बाई,
पण नेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली होती.
तिचं अंग पुसताना पट्टी माझ्या गळ्यात तशीच,
वाकले की तिच्या हाताला लागायची.
तिनेच धरली. तिनेच मनगट आत सरकवलं.
हाडाशी जरा अडलं, मग गेलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
संघाच्या निरीक्षकाकडे बघतात तशी.
मी काही बोलले नाही.
टॉवेल आणायला गेले.

आज पाणी अकराला फिरणार.
हेर्मितास ओरडतेय, आटप, तराजूपाशी रांग लागलीय.
माझ्या हातात एक आहे, एकोणचाळीस असेल.
तिरकी धरली तर अडते. बाजारात चालून जाईल.
तीन रेघा, तीन हिवाळे,
आणि कडेला या वसंतातला शिंपला,
नखासारखा पातळ,
अजून कच्चा.

मी ती टाकते.
थोडा वेळ दगडासारखी पडून राहते.
मग फट.
मग जीभ.
मग नुसती वाळू, आणि तिच्यात
दोन भोकं.