तेरावा मजला

लिफ्टमध्ये बारानंतर एकदम चौदा.
तेराचं बटणच नाही.
म्हणजे आपण राहतो तो तेरावाच की रे,
मी बोटं मोजून निषादला दाखवलं.
तो म्हणाला, आई, विकताना बरं पडतं.

बेलव्ह्यूत समोर चार क्रेन उभ्या.
एकीच्या टोकाला नाताळचे दिवे
मार्च उजाडला तरी तसेच.
बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत,
नियम क्रमांक नऊ.
माझी इरकल न्हाणीघरात
दोन दोन दिवस ठिबकत राहते.

शेजारी लॉरेन हास्केल, वय एक्क्याऐंशी.
याच जागेवर तिचं बैठं घर होतं.
बिल्डरला दिलं,
त्या पैशात हवेतला एवढा तुकडा आला.
पत्ता तोच, म्हणते, फक्त आता चक्कर येते.

काल माझ्या ओट्यापाशी उभी राहून
तिनं चपलेच्या टोकानं फरशी दाबली:
इथं. सरळ खाली. माझं पेअरचं झाड.
मी आल्याचा चहा ठेवला.
तिनं बशीत ओतून घेतला, विचारलं नाही,
तिचा बाप म्हणे कॉफी अशीच प्यायचा.

रात्री कचरा टाकायच्या निमित्तानं
मी तळघरात उतरले.
अंदाजानं जागा काढली, तर तिथं
निषादची गाडी, चार्जिंगला लावलेली.
ओल्या सिमेंटचा, रबराचा वास.
रिकामी बादली हातात धरून
तरी उभी राहिले थोडा वेळ,
न जाणो.