अष्टमीचं पाणी

पंतांनी पंचांग उघडलं. वद्य अष्टमी.
चंद्र मध्यरात्री उगवणार, तोवर अंधार आपला, म्हणाले.
मी म्हणालो, अष्टमीला भांगाचं पाणी, धड भरतही नाही,
आणि मध्यरात्री ओहोटी.
आवसेला निघू. मध्यरात्री उधाण, चंद्राचं नाव नाही.

आठ दिवस?
त्यांनी किल्ल्याकडे पाहिलं.
आत चूल पेटल्याचा धूर
परवापासून दिसला नव्हता.

विटाव्याच्या तिवरांतून सात होड्या काढल्या.
वल्ह्यांना चिंध्या. बेंडूला खोकला,
त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा.
तांदूळ, दारू, मीठ,
आणि घाटावरचे साठ शिपाई,
पाण्याला पाय लागू नये म्हणून आखडून बसलेले.

पलीकडे बुरुजावर दिवा.
झाकला. उघडला. झाकला.

पहिली होडी रुतली त्याचा आवाजही झाला नाही.
मग दुसरी. मग आमची.
शिपाई उतरले ते मांडीपर्यंत गेले,
पोती डोक्यावर, शिव्या दातांत.
चिखल कुणाची जात विचारत नाही,
नुसता जोडा काढून घेतो.

तेवढ्यात तटावरून हाक आली, दबकी:
"किती जण हाव रं?"
चेंदणीची बोली. ओळखीचा गळा.

बोललो असतो तर टोपीकरांच्या तोफा जाग्या झाल्या असत्या.
नाही बोललो.
मागे पारसिकच्या डोंगरावर चंद्र आला
आणि त्या तरीही जाग्या झाल्या.

आम्ही परतलो ते पोटावर सरपटत,
खेकड्यांसारखे. बेंडू परतला नाही.
पहाटे पाणी चढलं, आपल्या वेळेला.
रिकाम्या होड्या उचलल्या त्याने,
एक तर आपोआप वाहत
किल्ल्याच्या पायरीला जाऊन लागली,
दोन पोती तशीच, फुगलेली.
दार उघडायला कुणी धजलं नाही. उजाडलं होतं.

चौथ्या दिवशी निशाण बदललं.
पंतांनी पुण्याला लिहिलं: ईश्वरी इच्छा.
खाली हिशेब, होड्या सात, तांदूळ एकेचाळीस पोती.

बहीण चेंदणीला दिलेली.
पुढच्या गौरीला आली तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली,
तू होतास ना त्या रात्री? ते तटावर होते.
काही ऐकू आलं का?

वारा होता, मी म्हणालो.

वारा नव्हता.